शेऱ्याची रिकामी जागा

४ फेब्रुवारी

आत्या,

फोनवर तुझं "काय? काय म्हणालीस?" ऐकून मी रडकुंडीला येते आणि तू माझ्यावर चिडतेस, म्हणून पत्र. कान थकले तरी डोळे शाबूत आहेत, त्यांना कामाला लाव, असं तूच म्हणालीस. शिवाय मला मेसेज लिहिणं आता नकोसं झालंय. दिवसभर लोकांचे मेसेज मोजते, मग कुणाला "जेवलीस का" लिहिलं तरी वाटतं, हेही कुणीतरी मोजणार.

पोलिसांत नक्की करतेस काय, असं तू विचारलंस. आई शेजारी सांगते, "कंप्युटरवर चोर पकडते." आत्या, मी आजवर एकही चोर पाहिलेला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसते. खिडकीला बाहेरून जाळी, आतून फायलींची चळत, त्यामुळे ऊन आलंय की नाही ते फायलींच्या कडांवरून ओळखायचं.

इंटरनेटवर एक बंद मंच आहे. लोकांच्या फोनमधून चोरलेले फोटो, ओळखपत्रं तिथे इकडून तिकडे जातात आणि मग त्या लोकांना धमक्या येतात. एका शिक्षिकेची तक्रार माझ्या टेबलावर आहे. दोन महिने तिने शाळेत पाऊल टाकलेलं नाही. मंचावर तीनशे बारा जण, सगळे टोपणनावाने. मी प्रत्येकाला एक नंबर देते, म्हणजे एक टिंब. कुणी कुणाला लिहिलं की दोन टिंबांमध्ये रेघ. काय लिहिलं ते मी वाचत नाही. ते शेजारच्या खोलीतले वाचतात, आणि त्यांच्याकडे वर्षभराचं साचलंय. माझं काम एवढंच, की कोण कुणाशी किती वेळा बोललं ते मोजायचं आणि कुठलं टिंब उचललं तर हे जाळं फाटेल ते सांगायचं.

या महिन्यात सात नंबरांची यादी द्यायची आहे. सगळ्यात वर येतोय एक्केचाळीस. मंचावर दोन टोळकी आहेत, भाषा वेगळ्या, आणि त्यांच्यातली जवळजवळ प्रत्येक रेघ एक्केचाळीसमधून जाते. तीनदा मोजलं. तरी काल आंघोळ अर्धी टाकून पुन्हा मोजायला बसले. बेरीज खोडून खोडून पुन्हा करणारी मी तुझी खोडरबर ती खोडरबरच राहिले.

तू मला बेरीज शिकवलीस ती तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावरून, आठवतं? इतके दोर लावले, इतके काढले, आता किती लोक बोलतायत? दम्यामुळे चार वर्षं मला शाळेत घातलं नाही याचं आईला अजून वाईट वाटतं. मला कधीच वाटलं नाही. आजही आकडेमोड करताना तुझ्या स्वयंपाकघरातलं डगमगतं स्टूल आठवतं.

तुझी पत्रं मी आईला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. एक्स्चेंजच्या रेकॉर्ड खोलीत तीस वर्षं काढलेली बाई, तिला कागद बघवत नाही म्हणते. ऐकायला मात्र बसते.

तुझी,
खोडरबर


११ फेब्रुवारी

खोडरबरे,

पत्र पोचलं. अक्षर बिघडलंय. 'र' पूर्वी तुझा उभा राहायचा, आता टेकून बसतो.

काम समजलं. मला एक सांग, मधे असलेला माणूस मधे का आहे हे तुझं टिंब सांगतं का? मी सव्वीस वर्षं बोर्डावर बसले. सगळं गाव माझ्यामधून बोललं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कोण कुणाला न सांगता कुणाला फोन करतो, सगळं माझ्या दोरांतून. तेव्हा तू असतीस आणि मोजलं असतंस, तर सगळ्यात मोठं टिंब मीच. यादीत पहिला नंबर आत्याचा.

हसण्यावारी नेऊ नकोस. टिंब द्यायचं तर दे, ते तुझं काम आहे. पण ते टिंब कशाचं आहे आणि कशाचं नाही, हे त्याच कागदावर, त्याच दिवशी लिही. मागून लिहिलेल्याला कुणी विचारत नाही.

कानाच्या डॉक्टरने यंत्र दिलं होतं. त्यात माणसांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. काढून डब्यात ठेवलंय.

आंघोळ पूर्ण करत जा.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

यादी दिली. दिल्यापासून त्याच पानाकडे पुन्हा पुन्हा बघते, म्हणून लिहिते.

आमचा ठरलेला तक्ता आहे, एकच पान. नंबर, किती जणांशी संबंध, उचलला तर जाळ्याचे किती तुकडे, आणि शेवटी शेरा. तू सांगितलंस तसं मी एक्केचाळीससमोर लिहिलं होतं, "हे टिंब जाळं कुठे फाटेल ते दाखवतं. कोण किती दोषी ते दाखवत नाही. मजकूर वाचल्याशिवाय कारवाई करू नये."

साहेबांनी वाचलं. ते वाईट माणूस नाहीत, आत्या. त्या शिक्षिकेला आठवड्यातून एकदा स्वतः फोन करतात. म्हणाले, "हा शेरा काढ."

मी म्हटलं, "सर, पण ते खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच काढ. वरचे लोक शेरा आधी वाचतात आणि मग बाकीचं वाचत नाहीत. मजकूर वाचायला माझ्याकडे दोन माणसं आहेत, त्यातला एक रजेवर. तोवर आणखी किती बायकांचे फोटो फिरू द्यायचे, सांग."

मी पान परत घेतलं. शेरा काढला. नवीन पान छापलं. शेऱ्याची जागा पांढरी.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "शेरा मागितला नसेल तर कशाला लिहायचा? मोजायला सांगितलं, मोजलंस. संपलं." तिच्या बोलण्याने जरा बरं वाटलं. खरं सांगायचं तर बरं वाटून घेतलं.

साहेब माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांना कळत असेलच ना?

खोडरबर


२५ फेब्रुवारी

पत्र मिळालं. यादी दिलीस, आता काय बोलायचं.

तुझी आई काय म्हणाली ते पुढच्या पत्रात लिहू नकोस.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

पाच आठवडे लिहिलं नाही. आधी तुझ्या त्या दोन ओळींमुळे. आईला वाचून दाखवताना दुसरी ओळ मी गिळली आणि "आत्या घाईत आहे" म्हटलं. आई म्हणाली, "असेल." मी काय चुकीचं लिहिलं ते आजही कळलेलं नाही. नंतर जे झालं त्यामुळे हात चालला नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक्केचाळीसला उचललं. फक्त एक्केचाळीसला. बाकी सहा जणांचे पत्ते सापडायचे आहेत. मंचाचे खरोखर दोन तुकडे झाले, मी लिहिलं होतं तसेच. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या पोरीने रेघा ओढून सूत्रधार काढला." सूत्रधार. माझ्या तक्त्यात हा शब्द कुठेही नव्हता.

मग मी तिला पाहिलं. हो, बाई आहे. पन्नाशीची असेल. आमच्या मजल्याच्या बाकावर बसवली होती. चष्म्याला दोरी, एका चपलेचा अंगठा पिनने जोडलेला. मी कागद घेऊन जाताना तिने विचारलं, "ताई, पाणी मिळेल का इथे?" मी माझी बाटली दिली. ती प्यायली, तोंड पुसलं, आणि कुणाशी तरी बोलावं म्हणून बोलली, "मी कुणाचं काय केलं हो? इकडचं तिकडे दिलं फक्त." बाटली परत करताना बाहेरून पदराने पुसून दिली.

ती दुभाषी आहे, आत्या. घरी बसून भाषांतर करते. वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या, जे येईल ते. दोन टोळक्यांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून सगळे हिच्याकडे. तिच्यामधून रेघा जातात त्या ह्यामुळे.

आणि अकरा दिवसांत मंच पुन्हा जुळला. त्यांनी भाषांतराचं एक यंत्र बसवलं, झालं. जाळ्याला काहीही फरक पडला नाही. धमक्या पूर्वीसारख्या. खरे चालवणारे मला आता सात नंबर आणि एकोणीस नंबर वाटतात, पण वाटतात म्हणजे काय.

मजकूर वाचायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "वाच, हौस असेल तर." नऊ दिवस वाचला. तीन हजारांवर मेसेज. बहुतेक निरर्थक. चाळीस धमक्या. नऊ ठिकाणी तिने लिहिलंय, "हे मी करणार नाही, दुसऱ्याला सांगा." एकतीस ठिकाणी केलंय. म्हणजे तिला कळत होतं, निदान कधीकधी. ती धुतल्या तांदळाची नाही. पण ती सूत्रधारही नाही. कोठडीत मात्र सूत्रधार म्हणून आहे, आणि जामिनाला विरोध म्हणून जो कागद लावलाय तो माझा तक्ता. शेऱ्याची जागा पांढरी असलेला.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती मला रात्रंदिवस बघते आणि विचारत नाही.

मी काय करू हे विचारत नाहीये. तू त्या दिवशी असं तुटक का लिहिलंस तेवढं सांग. माझ्या डोक्यात ते दोन्ही एकत्र फिरतंय.

खोडरबर


९ एप्रिल

खोडरबरे,

हे पंचवीस वर्षं सांगितलं नाही. आता नाही सांगितलं तर मीही तुझ्या साहेबांसारखी शेरा काढून टाकणारी ठरेन.

बोर्डावरून बाहेरगावी फोन जोडला की एक तिकीट भरायचं. कुठून, कुठे, किती वेळ, आणि खाली जोडणारीची सही. माझी सही म्हणजे एक आडवी रेघ आणि वर टिंब. पुढे बाकी एक्स्चेंजं आपोआप झाली. आमचं सगळ्यात शेवटी बदललं, म्हणून हे इतकं चाललं.

बंदराकडची लाइन कायम खराब असायची. खरखर, मधेच तुटायची. जोडणारीला ओरडून दोन्हीकडच्यांना सांगावं लागायचं. माझा आवाज खणखणीत, म्हणून बंदराचा कॉल आला की सुपरवायझर म्हणायची, "हा तिला दे." हे एक्स्चेंजमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. झाडणाऱ्यालाही.

मग बंदरावर चोरटा माल उतरवणारी एक टोळी सापडली. तिचे फोन कुणी जोडले याची चौकशी लागली. तिकिटं काढली, मोजली. तीनशे चाळीसमधली दोनशे सतरा माझ्या सहीची. तक्ता झाला. शेवटी शेऱ्याची जागा होती, त्यात काही लिहिलेलं नव्हतं. चौकशीवाल्याने विचारलं, "सगळे फोन तुमच्याच हातून कसे?" मी म्हटलं, "मी फक्त जोडले." तो हसला. मी सुपरवायझरकडे बोट दाखवलं, तर तिला काही आठवेना. तिलाही नोकरी होती.

चार वर्षं निलंबित. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मग पत्र आलं की पुरावा नाही, कामावर या. गेले, तर दीड वर्षात बोर्डच काढून टाकला.

तुला दमा होता. शाळेत न जाण्याइतका नव्हता. पहिल्या आठवड्यात तुला माझ्याकडे आणून सोडलं आणि सांगितलं, "हिला शिकवा." कुणाला तरी वाटलं असेल की ही बाई चार भिंतींत रिकामी बसली तर वेडी होईल. तुझ्यामुळे झाले नाही. तुला शिकवलं ते उपकार माझ्यावर आहेत, म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, कुणाला वाटूही देऊ नकोस.

तक्ता करणारी कारकून चांगली होती. आहे. तिला मोजायला सांगितलं होतं, तिने मोजलं. एकही आकडा चुकीचा नव्हता. मी तिला कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. सणासुदीला, आजारपणाला एकमेकींकडे गेलो-आलो, आणि दोघी त्या जागेला वळसा घालून बसलो. पण तू तिचंच वाक्य मला जसंच्या तसं लिहून पाठवलंस तेव्हा मी त्या दोन ओळी लिहून पाकीट बंद केलं.

तुझ्या त्या दुभाषीचं मला माहीत नाही. एकतीस वेळा केलं असेल तर एकतीस वेळांचं तिने भोगावं. तीन हजारांचं का?

कागद द्यायचा ठरवलास तर हातात देऊ नकोस. आवक करून घे, शिक्का मारून घे, नंबर टिपून ठेव. हरवलेला कागद कुणाचाच नसतो.

आणि हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

तुझी शेवटची ओळ मी शेवटीच वाचली. पत्र म्हटल्यावर नेहमीसारखं आईसमोर उघडलं आणि सुरुवात केली.

तिकिटांपाशी तिने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "दोनशे सतरा" मी वाचलं, त्याच्या आधीच तिच्या ओठांवर तो आकडा आलेला मी पाहिला. तरी मला कळलं नाही, बघ माझी हुशारी. तीनशे बारा लोकांमधल्या रेघा काढते आणि घरातल्या दोन माणसांमधली दिसली नाही. "तक्ता करणारी कारकून" आलं तेव्हा थांबले. आई म्हणाली, "वाच ना. थांबतेस कशाला."

वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत.

तिने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाली, "साहेबाने आकडा मागितला होता. मला वाटलं, त्याला ठाऊकच असेल. सगळ्यांना ठाऊक होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू लहान होतीस. नोकरी पक्की व्हायची होती." मी काहीच विचारलं नव्हतं. ती एकेक कारण काढून टेबलावर ठेवत गेली, कपाट आवरावं तशी. मग म्हणाली, "तुला तिच्याकडे मी सोडलं. दम्याचं मी सांगितलं सगळ्यांना." आणि आत जाऊन झोपली, दुपारी चार वाजता.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. माझा तक्ताही बरोबर होता, आत्या. एकही आकडा चुकीचा नाही.

दुसऱ्या दिवशी दीड पान लिहिलं. एक्केचाळीसमधून रेघा का जातात, अकरा दिवसांत जाळं कसं जुळलं, नऊ नकार कुठे आहेत, एकतीस होकार कुठे आहेत. होकारही लिहिले, लपवले नाहीत. खाली लिहिलं, की मूळ तक्त्यात हा शेरा होता आणि तो मी काढला. "काढायला लावला" असं आधी लिहिलं होतं. खोडलं. हात माझाच होता.

खाली जाऊन आवक करून घेतलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आतल्याच माणसाचा कागद आवक कशाला?" मी म्हटलं, "मारा ना शिक्का." नंबर अठ्ठ्याण्णव, टिपून ठेवलाय. आता तो खटल्याच्या कागदांत जाणार, तिच्या वकिलाला दिसणार.

साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. "तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही सर."

"मग?"

"कुणी विचारणारच नव्हतं, सर."

त्यांनी माझा कागद फायलीत घातला. म्हणाले, "त्या शिक्षिकेला आता मी काय सांगू?" मी सात आणि एकोणीसची टिपणं त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी परत केली नाहीत.

सोमवारपासून मी तळमजल्यावर, आवक-जावकला. चौकशी होईल म्हणतात. त्या बाईच्या जामिनाची तारीख सव्वीस आहे. सुटेल की नाही माहीत नाही. रोज त्या बाटलीतून पाणी पिताना आठवतं.

काल आईने माझ्याकडे पट्टी आणि पेन मागितलं. सोबतचा कागद तिचा आहे. मी वाचलेला नाही. मोठ्याने तर नाहीच.

खोडरबर


१९ एप्रिल

वन्सं,

मला पत्र लिहिता येत नाही. तक्ते तेवढे येतात. पट्टीने आखून घेतलाय, तेव्हाच्यासारखाच.

नाव: तुमचं.
एकूण तिकिटं: तीनशे चाळीस.
पैकी सही: दोनशे सतरा.
शेरा: बंदराची लाइन खराब होती. तिथले कॉल मुद्दाम हिच्याकडे देत, कारण हिचा आवाज पोचायचा. मोजणारीला हे त्या दिवशी माहीत होतं.